किशोरवयीन मुले, मोबाईल आणि कायदा : शिक्षेआधी शिक्षण हवे

२०२० च्या मार्च महिन्यात कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला. वाशीम जिल्ह्यातील अनेक कुटुंबांनी त्या काळात सोयाबीनच्या पैशातून, कोणी उसनवारी करून, मुलांच्या अभ्यासासाठी स्मार्टफोन घेतले. पुढे शाळा पूर्ववत सुरू झाल्या. फोन मात्र मुलांच्या हाती राहिला. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा येथील बाजारपेठांत असो वा मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावर असो, आज किशोरवयीन मुलांचे मैत्र, भांडण आणि पहिलेवहिले आकर्षण बऱ्याच अंशी त्या लहानशा पडद्यावर घडते.

याच पडद्यावरून एक नवा प्रश्न आपल्या घरांत आला आहे. तेरा ते सतरा वर्षांची मुले-मुली स्वतःची नग्न वा अर्धनग्न छायाचित्रे, चित्रफिती किंवा लैंगिक मजकूर एकमेकांना पाठवतात. कधी विश्वासाने, कधी पैजेखातर, कधी समोरच्याच्या सततच्या आग्रहामुळे, तर कधी धमकीमुळे. यास 'सेक्स्टिंग' असे म्हणतात. मराठीत त्यासाठी अजून सर्वमान्य शब्द रुळलेला नाही. त्यामुळे घरात आणि शाळेत त्याविषयी बोलणेही अवघड जाते. मात्र छायाचित्र एकदा बाहेर गेले की त्याचे परिणाम फार ओळखीचे असतात. मुलीची शाळा सुटते, तिचा फोन काढून घेतला जातो आणि तिच्या लग्नाची घाई सुरू होते. मुलगा असेल तर तो धमकी देणाऱ्यास चोरून पैसे देत राहतो आणि कोणास काही सांगत नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, 'कायदा कडक करा.' दुसरी, 'मुलांच्या हातचे मोबाईल काढून घ्या.' आमच्या मते या दोन्हींतून उत्तर मिळत नाही. कायदा पुरेसा कडक आहे. त्याची उणीव निराळी आहे. स्वतःचे छायाचित्र पाठवणारे मूल आणि ते गावभर पसरवणारा मनुष्य यांत त्याच्या शब्दांनी पुरेसा भेद केलेला नाही. आणि ज्या शिक्षणाने असा प्रसंग टळू शकतो, ते शिक्षण महाराष्ट्रात आजही दबक्या आवाजात दिले जाते.

कायद्याची वाटचाल

भारतात हा विषय प्रथम सर्वांसमोर आला तो २००४ साली. दिल्लीतील अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांची मोबाईलवर घेतलेली चित्रफीत फोनाफोनी पसरली आणि पुढे एका लिलाव-संकेतस्थळावर विक्रीस आली. संकेतस्थळाच्या प्रमुखास अटक झाली. संबंधित मुलासही बाल न्याय मंडळासमोर उभे राहावे लागले. त्या वेळी पोलिसांच्या हाती होती ती भारतीय दंडसंहितेतील अश्लीलतेची जुनी कलमे आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६७. मोबाईल हाती असलेल्या अल्पवयीन मुलांचा विचार त्यांपैकी एकाही कलमात नव्हता.

२००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान अधिनियमात नवी कलमे आली व ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. कलम ६६-ई अन्वये एखाद्याच्या संमतीशिवाय त्याच्या शरीराच्या खासगी भागाचे छायाचित्र घेणे वा पसरवणे हा गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कलम ६७-बी खास अठरा वर्षांखालील मुलांसंबंधी आहे. मुलांचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणे, पाठवणे, तयार करणे, गोळा करणे, शोधणे, पाहणे, उतरवून घेणे, देवाणघेवाण करणे हे सारे त्यात येते. पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड. पुढील अपराधास सात वर्षांपर्यंत कारावास.

त्यानंतर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, म्हणजेच पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याच्या कलम १३ व १४ नुसार लैंगिक सुखासाठी मुलाचा माध्यमात वापर करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची किमान शिक्षा पाच वर्षे केली आणि असे चित्रण जवळ बाळगण्यासंबंधीचे कलम १५ अधिक कठोर केले.

मुलांचा व्यापार करणाऱ्या, त्यांना फसवून त्यांचे चित्रण विकणाऱ्या टोळ्यांसाठी हे कायदे आवश्यकच आहेत आणि त्यांची धार कमी व्हावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु ६७-बी मधील 'तयार करणे' आणि 'पाठवणे' हे शब्द पुन्हा एकदा वाचावेत. पंधरा वर्षांची मुलगी आपल्याच फोनवर आपलेच छायाचित्र काढून मित्रास पाठवते, तेव्हा शब्दशः पाहता तीही त्या कलमाच्या कक्षेत येते. आणि ज्या सतरा वर्षांच्या मुलाने ते मागितले, तो कलम १३ च्या कक्षेत येऊ शकतो. भारतात लैंगिक संमतीचे वय अठरा असल्याने 'दोघांची संमती होती' हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने या क्षेत्रातील एक महत्त्वाचा निर्णय दिला. मोबाईलमध्ये मुलांचे अश्लील चित्रण केवळ पाहिले वा साठवले तर गुन्हा होत नाही, असे म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या जानेवारीत एका तरुणावरील खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. असे चित्रण हाती आल्यावर ते नष्ट न करणे आणि अधिकाऱ्यांना न कळवणे, यावरून ते पुढे पाठवण्याचा हेतू होता असे अनुमान काढता येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

याचा अर्थ आपल्या गावाकडील वाचकांनी नीट समजून घ्यावा. एखाद्या व्हॉट्सॲप गटात कोणी गावातल्याच मुलीची चित्रफीत टाकली, तर 'मी पाठवली नाही, मला आली' एवढे म्हणून प्रत्येकाची सुटका होत नाही. ती फोनमध्ये ठेवून देणे हाही अपराध ठरू शकतो. चावडीवर, पानटपरीवर, महाविद्यालयाच्या फाटकाशी एकमेकांचे फोन बघत हसणाऱ्या प्रौढांना हे कोणीतरी सांगावयास हवे.

याच निकालात न्यायालयाने 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच टाळावा व त्याऐवजी 'बाल लैंगिक शोषण व अत्याचार सामग्री' अशा अर्थाची संज्ञा वापरावी, असे सुचवले. हा केवळ शब्दांचा बदल नव्हे. पहिल्या शब्दात मुलाकडे चित्राचा विषय म्हणून पाहिले जाते. दुसऱ्यात मुलावर झालेला अन्याय दिसतो. त्याचबरोबर, मुलांना या विषयाच्या कायदेशीर व नैतिक बाजू समजावून देणारे सर्वांगीण लैंगिक शिक्षण असावे, अशीही सूचना न्यायालयाने केली. वृत्तपत्रांनी निकालातील शिक्षेच्या भागाला मोठे मथळे दिले. शिक्षणाचा भाग मागे राहिला.

एकच मूल, दोन भूमिका

बाल न्याय अधिनियम, २०१५ या सगळ्यात मुलांसाठी बरीच मोठी ढाल आहे. अठरा वर्षांखालील मुलाने गुन्हा केला तरी तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. तो बाल न्याय मंडळासमोर जातो, तुरुंगात नव्हे. मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात व त्यांपैकी किमान एक महिला असते. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवा असे मार्ग मंडळाला खुले आहेत. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास कलम ७४ अन्वये बंदी आहे.

तरीही पंधरा वर्षांच्या मुलीचे वडील पोलीस ठाण्याच्या पायरीशी येऊन परत फिरतात. का? कारण त्यांच्या मनात एकच धास्ती असते : तक्रार केली तर आपल्या मुलीलाच विचारतील, 'तू पाठवलेस का?' ही धास्ती निराधार आहे असे म्हणता येईल असे स्पष्ट वाक्य कायद्यात लिहिलेले नाही. सुज्ञ पोलीस अधिकारी अशा मुलीस पीडितच मानेल. परंतु एखाद्या मुलीचे भवितव्य समोर कोणता अधिकारी बसला आहे यावर अवलंबून असू नये. या संदिग्धतेचा खरा लाभ होतो तो धमकी देणाऱ्यास. 'पोलिसांकडे गेलीस तर तूच अडकशील' हे वाक्य त्याच्या हातातले शस्त्र असते.

इतर देशांचा अनुभव

जगातील इतर देशांनीही या वाटेवर ठेचा खाल्ल्या आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २००८-०९ च्या सुमारास एका सरकारी वकिलाने, ज्या विद्यार्थिनींची छायाचित्रे इतरांच्या फोनवर सापडली, त्या मुलींनाच बाल-अश्लीलतेच्या खटल्याची धमकी दिली. खटला नको असेल तर शैक्षणिक कार्यक्रमास हजर राहा आणि आपले काय चुकले यावर निबंध लिहा, अशी अट होती. काही पालकांनी त्यास नकार देऊन न्यायालयाचे दार ठोठावले व २०१० साली तेथील अपील न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. खटल्याच्या धाकाखाली अपराधाची कबुली लिहून घेणे म्हणजे शिक्षण नव्हे, हा त्यातील धडा आपणही लक्षात ठेवावा.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली कायदाच दुरुस्त केला. वयात दोन वर्षांहून अधिक अंतर नसलेल्या मुलांनी आपापसांत पाठवलेल्या छायाचित्रांना, त्यात दुसरा गंभीर गुन्हा नसेल तर, बाल-अश्लीलतेच्या कलमातून वगळले. त्याच वेळी दुसऱ्याचे खासगी छायाचित्र संमतीशिवाय पसरवणे आणि पसरवण्याची धमकी देणे हे नवे गुन्हे ठरवले. इंग्लंड व वेल्समध्ये २०१६ पासून पोलिसांना अशी घटना नोंदवून, औपचारिक कारवाई सार्वजनिक हिताची नाही असे ठरवण्याची मुभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ च्या आपल्या पंचविसाव्या सर्वसाधारण टिप्पणीत म्हटले आहे की, मुलांनी स्वतःच तयार केलेली, संमतीने व केवळ आपल्या खासगी वापरासाठी जवळ ठेवलेली सामग्री गुन्हा मानू नये. भारताने बालहक्क संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली आहे.

असे छायाचित्र पाठवणे योग्य आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ते अविचाराचे आहे, धोक्याचे आहे आणि आपल्या शरीराच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणारे आहे. परंतु मुलाचा अविचार आणि प्रौढाचा दुष्टपणा यांस एकाच कलमाने मोजू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. भारताच्या विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय अठराच ठेवण्याची, पण सोळा ते अठरा वयोगटातील मुलांच्या परस्परसंमतीच्या प्रकरणांत न्यायालयांना शिक्षेबाबत विवेकाधिकार देण्याची शिफारस केली. छायाचित्रांच्या प्रकरणांतही असाच विवेक कायद्याच्या शब्दांत उतरला पाहिजे.

महाराष्ट्राची शाळा आणि तिचे मौन

आता शिक्षणाकडे वळू. केंद्र सरकारने २००५ साली किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. त्यातील चित्रे व मजकूर आपल्या संस्कृतीस शोभणारा नाही, असा आक्षेप विधिमंडळात घेतला गेला आणि २००७ साली महाराष्ट्राने तो शाळांतून थांबवला. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात यांनीही तेच केले. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतील लैंगिक शिक्षणास प्रतिकूल अहवाल दिला. आक्षेपांत तथ्य होते की नाही, यावर मतभेद असू शकतात. वाईट एवढेच झाले की, नको ते पुस्तक काढले. हवे ते पुस्तक त्याच्या जागी आले नाही. त्यानंतरच्या वर्षांत स्वस्त इंटरनेट मात्र घरोघरी पोहोचले आणि शाळेने जे सांगायचे टाळले, ते मुले अनोळखी संकेतस्थळांवरून शिकली.

अलीकडे चित्र थोडे बदलले आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या २०१८ च्या पुस्तकात 'सामाजिक आरोग्य' हे प्रकरण आले व त्यात माध्यमांचा अतिवापर आणि सायबर गुन्हे यांची ओळख करून दिली गेली. पण दहावीत येईपर्यंत अनेक मुलांच्या हाती फोन येऊन काही वर्षे उलटलेली असतात.

आपल्या जिल्ह्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. नीती आयोगाने २०१८ साली महाराष्ट्रातील जे चार जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासह वाशीम आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तो पहिल्या टप्प्यात आकांक्षित जिल्ह्यांतील सरकारी शाळांसाठीच होता. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, प्रशिक्षित करावेत आणि त्यांनी आठवड्यातून एक तास मुलांशी बोलावे, अशी त्याची रचना आहे. त्याच्या अकरा विषयांत परस्परसंबंध, स्त्री-पुरुष समानता, हिंसेपासून सुरक्षितता, तसेच इंटरनेट व उपकरणांचा सुरक्षित वापर हे विषय आहेत. त्या वर्षी पुढच्याच महिन्यात शाळा बंद झाल्या आणि ज्या काळात या तासाची सर्वाधिक गरज होती, त्या काळात वर्गच भरत नव्हते. आता वर्ग भरतात. तो एक तास वेळापत्रकात आहे का, आणि असल्यास तो गणिताच्या राहिलेल्या धड्यासाठी तर वापरला जात नाही ना, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांनी विचारलेच पाहिजे.

हा काही केवळ सदिच्छेचा प्रश्न नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांनी मुलांसाठी वयानुरूप शिक्षण-साहित्य तयार करण्याची जबाबदारी केंद्र व राज्य सरकारांवर टाकली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा म्हटले की, लैंगिक शिक्षण नववीपासून नव्हे, त्याहून लहान वयापासून द्यावे. ख्रिस्ती शाळांनी तर याबाबत संकोच बाळगण्याचे कारणच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्राने, मुले वयाने वाढतील तसतसे त्यांना सकारात्मक व विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे, असे सांगून ठेवले आहे. त्याला आता साठ वर्षे झाली.

सांगायचे कोणाला?

शिक्षणाच्या वाटेत कायद्यानेच उभा केलेला एक पेच आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार, मुलाविरुद्ध लैंगिक अपराध झाल्याचे ज्यास कळेल त्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध लपवल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. संस्थांच्या इभ्रतीसाठी प्रकरणे दडपणाऱ्यांवर हा वचक हवाच होता. पण विद्यार्थिनी विश्वासाने बाईंना काही सांगू लागते, तेव्हा बाईंनी काय करावे? आमच्या मते तिला आरंभीच प्रेमाने सांगावे की, 'तू सांगशील ते मी गावात कोणाला सांगणार नाही, पण तुझ्या रक्षणासाठी जिथे सांगावे लागेल तिथे मी तुझ्यासोबत येईन.' खोटे आश्वासन देऊ नये. मुलीचा जबाब तिच्या घरी वा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, अशी कलम २४ ची तरतूद आहे. तिच्या सोबतीला सहायक व्यक्ती देण्याची सोय २०२० च्या नियमांत आहे. ही माहिती पालकांना असेल तर ठाण्याची पायरी तितकी उंच वाटणार नाही.

पालक व शिक्षकांनी काय करावे

प्रसंग आलाच तर पहिल्या तासाभरात केलेल्या गोष्टींवर बरेच काही अवलंबून असते. मुलास मारू नये, त्याचा फोन फोडू नये. फोनमध्येच पुरावा असतो. धमकीचे संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, खात्याचे नाव यांची नोंद ठेवावी. छायाचित्र मात्र 'पुरावा' म्हणून नातेवाइकांना वा ओळखीच्यांना पाठवू नये, कारण तसे पाठवणे हाच नवा अपराध होतो. पैसे मागितले तर देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढत जाते.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर करता येते. मुलांच्या लैंगिक चित्रणासंबंधीची माहिती तेथे नाव न देताही नोंदवता येते. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. जिल्ह्यातील बाल कल्याण समिती व जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांचीही मदत घ्यावी. अल्पवयीनांची छायाचित्रे समाजमाध्यमांवरून हटवण्यासाठी 'टेक इट डाऊन' ही विनामूल्य आंतरराष्ट्रीय सेवा २०२३ पासून सर्वांस परिचित झाली आहे. तिच्यात छायाचित्र कोणास पाठवावे लागत नाही. फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्या ठशाच्या आधारे सहभागी कंपन्या ते आपल्या व्यासपीठावरून शोधून काढतात.

प्रसंग येण्यापूर्वी करावयाचे काम मात्र याहून मोठे आहे. मुलींना 'पाठवू नकोस' एवढेच सांगून भागणार नाही. मुलांना 'मागू नकोस, आणि आलेच तर पुढे पाठवू नकोस' हे सांगावे लागेल. आजवर आपली सारी शिकवण मुलींनी काय करू नये एवढ्यापुरतीच राहिली; ज्याने विश्वासाने आलेले छायाचित्र चौघांना दाखवले, त्याला कोणी फारसे काही विचारले नाही. घरात आई-वडिलांनी, शाळेत शिक्षकांनी, तांड्यावर नाईकांनी आणि चर्चमध्ये धर्मगुरूंनी हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे की, लाज वाटायचीच असेल तर ती विश्वासघात करणाऱ्यास वाटावी.

कायद्यातील दुरुस्ती संसदेच्या हाती आहे आणि तिला वेळ लागेल. आठवड्याचा एक तास मात्र आपल्या हाती आहे. येत्या शैक्षणिक वर्षात आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत तो तास खरोखर घेतला जावा, आणि संकटात सापडलेल्या मुलाला 'आता घरी सांगता येईल' असा धीर वाटावा, यासाठी आपण सारे आजपासूनच कामाला लागू या.